पी-व्हॅल्यू ०.०४४ की ०.०८८? त्याच आकड्यांची दोन उत्तरं

काठावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलो म्हणून धागा काढतोय.

आमच्याकडे पिशव्या भरणारं एक मशीन आहे. प्रत्येक पिशवीत ५०० ग्रॅम पावडर पडायला हवी. वजन कमी भरतंय अशी कुरबुर सुरू झाली आणि तपासणीचं काम माझ्या गळ्यात पडलं. २५ पिशव्यांची वजनं केली. सरासरी ४९६.८ ग्रॅम, प्रमाण विचलन (वजनं सरासरीभोवती किती विखुरलीत त्याचं माप) ९ ग्रॅम.

शून्य परिकल्पना: मशीनची खरी सरासरी ५०० आहे. स्टँडर्ड एरर (नमुन्याची सरासरी साधारण किती हलू शकते ते) = ९ ÷ √२५ = १.८. टी = (४९६.८ − ५००) ÷ १.८ = −१.७८, डिग्रीज ऑफ फ्रीडम २५ − १ = २४. इथपर्यंत सगळं सुरळीत.

पुढे गाडी रुतली. टू-टेल्ड चाचणी (कमी आणि जास्त, दोन्ही बाजू धरणारी) केली तर पी ०.०८८ येतो, वन-टेल्ड (एकच बाजू धरणारी) केली तर ०.०४४. नेहमीची मर्यादा ०.०५. म्हणजे एक चाचणी म्हणते मशीन ठीक आहे, दुसरी म्हणते बिघडलंय. आकडे तेच, मशीन तेच, मी तोच. साहेबांना सोमवारी एकच उत्तर हवंय. कोणतं देऊ?

शंकेखोर

एवढ्यासाठी धागा? तक्रार वजन कमी भरतंय अशी होती ना, मग वन-टेल्ड. ०.०४४ हे ०.०५ पेक्षा कमी. मशीनवाल्याला फोन लावा, विषय संपला.

निमूट

२५ पिशव्या कशा निवडल्या होत्या?

जुना खडू

काठावरचा, फोन लावायच्या आधी एक प्रामाणिक उत्तर द्या. 'सरासरी ५०० पेक्षा कमी आहे का' हा प्रश्न वजनं करायच्या आधी कागदावर होता, की ४९६.८ दिसल्यावर सुचला?

का विचारतोय ते सांगतो. समजा मशीन अगदी व्यवस्थित आहे, खरी सरासरी ५००च. तरीही २५-२५ पिशव्यांचे नमुने काढत बसलात तर दर वेळी बरोबर ५०० येणार नाही. कधी ४९८, कधी ५०१.५. अशा व्यवस्थित मशीनमधून तुमच्याइतका किंवा तुमच्याहूनही भरकटलेला नमुना किती वेळा निघेल, ते प्रमाण म्हणजे पी. दोन्हीकडचं भरकटणं धरलं तर शंभरात नऊएक वेळा, फक्त खालचं धरलं तर चार-साडेचार वेळा. पी एवढंच सांगतो. मशीन बिघडलेलं असण्याची शक्यता किती, हे त्यात कुठेही नाही.

आता ५ टक्क्यांची मर्यादा म्हणजे काय? चांगल्या मशीनवर उगाच आळ घेण्याची वेळ शंभरात पाचदाच यावी. पण नमुना आधी बघायचा आणि तो ज्या बाजूला कलला असेल त्याच बाजूची वन-टेल्ड चाचणी घ्यायची, असं केलंत तर काय होतं बघा. नमुना ५०३.२ आला असता तर तुम्ही 'जास्त भरतंय का' असं विचारलं असतं. म्हणजे खालचे पाच टक्के आणि वरचे पाच टक्के, दोन्ही तुमच्या जाळ्यात. कागदावर ५ लिहिलं तरी खरा दर १० टक्के झाला.

काठावरचा

पकडलंत. आधी टू-टेल्डच केली होती. ०.०८८ बघून तोंड पडलं, मग दुसरं बटण दाबून पाहिलं.

पण खडूसर, तक्रार कमी वजनाचीच होती हो, ती आकड्यांच्या आधीची आहे.

जुना खडू

तक्रार आधीची, मान्य. पण मशीन जास्त भरतंय असं दिसलं असतं तर तुम्ही गप्प बसला असता का? रोज इतकी पावडर फुकट जातेय म्हणून तुम्हीच आधी ओरडला असता. दोन्ही बाजूंचं तुम्हाला देणंघेणं आहे, तेव्हा तुमची चाचणी दोन बाजूंची. ग्राहकाच्या वतीने तपासणाऱ्याला मात्र जास्त भरल्याचं सोयरसुतक नसतं. त्याने पहिल्यापासून एकच बाजू धरली तर ते रास्त. बाजू ठरवणारा प्रश्न असतो, तो आकडे यायच्या आधी पक्का हवा.

शंकेखोर

ठीक आहे, टू-टेल्ड तर टू-टेल्ड. म्हणजे ०.०८८, म्हणजे मशीन ठीक. तेही उत्तरच झालं की.

बहुधा

इथेच माझा जीव अडकतो. ०.०८८ म्हणजे 'मशीन ठीक' नव्हे! 'मशीन बिघडलंय असं म्हणायला या २५ पिशव्या पुरेशा नाहीत', एवढंच. दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पी बाजूला ठेवा आणि विश्वास-अंतराल काढा, म्हणजे आकड्यांशी जुळणाऱ्या खऱ्या सरासऱ्यांचा पट्टा. २४ डिग्रीजसाठी टीचा आकडा २.०६४, गुणिले १.८ म्हणजे साधारण ३.७. तेव्हा ९५ टक्के अंतराल ४९३.१ ते ५००.५. यात ५०० बसतं, म्हणून शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. पण ४९४ही बसतं की! मशीन दर पिशवीला ६ ग्रॅम कमी टाकत असेल हीसुद्धा या आकड्यांशी जुळणारी गोष्ट आहे. साहेबांना पीऐवजी हा अंतराल दाखवला तर ते स्वतःच म्हणतील, अजून पिशव्या मोजा.

काठावरचा

हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. कोर्सला शिकवलं होतं की शून्य परिकल्पना म्हणजे आरोपी, पुरावा नसेल तर निर्दोष.

बहुधा

तो कोर्टाचा दाखला अर्धाच कामाचा आहे. निकाल लागला की कोर्टाला पुन्हा तोच खटला सहसा चालवता येत नाही, आपल्याला येतो. शिवाय कोर्टात 'पुरावा अपुरा' आणि 'निर्दोष' या दोन्हींचा शेवट सुटकेतच होतो, म्हणून ऐकणाऱ्याला ते एकच वाटतं. इथे ते एक नाही.

गणितवेडी

थोडं अवांतर, पण या टीची गोष्ट मला फार आवडते.

ही कसोटी काढणारा विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता. कंपनी स्वतःच्या नावाने शोधनिबंध छापू देत नसे, म्हणून १९०८ साली त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने तो बायोमेट्रिका या नियतकालिकात छापला. त्याची अडचण तुमच्यासारखीच: हातात चार-पाच मोजमापं, आणि त्यावरून निर्णय घ्यायचा. मोठ्या नमुन्यात आपण प्रमाण विचलन जणू ठाऊकच आहे असं धरतो आणि टीऐवजी झेड (तोच भागाकार, पण सामान्य वितरणाशी ताडलेला) वापरतो. छोट्या नमुन्यात ते विचलनच डळमळीत असतं. कधी योगायोगाने फार लहान येतं आणि भागाकार फुगतो. टी-वितरणाच्या शेपट्या (दोन्ही टोकांकडचे भाग) जाड असतात त्या यामुळे.

मजेचा भाग म्हणजे त्याने पडताळा कसा घेतला. ३००० गुन्हेगारांच्या उंचीची आणि डाव्या मधल्या बोटाच्या लांबीची मापं त्याला मिळाली होती. ती कार्डांवर लिहिली, कार्डं पिसली, चार-चारचे ७५० नमुने पाडले आणि त्यांचं वितरण आपल्या सूत्राशी ताडून पाहिलं. आपण ज्याला आज सिम्युलेशन म्हणतो ते त्याने कार्डं पिसून केलं!

त्याच निबंधात झोपेच्या दोन औषधांचे आकडे आहेत, १० रुग्णांचे. 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकप्रणालीत ते 'स्लीप' नावाने आजही मिळतात. एका औषधाने सरासरी ०.७५ तास जास्त झोप, दुसऱ्याने २.३३ तास. दहा आणि दहा माणसांचे दोन स्वतंत्र गट समजून टी-कसोटी केली तर टी १.८६, पी ०.०७९. पण ती माणसं तीच आहेत! प्रत्येकाचा दोन औषधांमधला फरक काढून त्या दहा फरकांवर कसोटी केली तर टी ४.०६, पी ०.००२८. कुणाला मुळातच औषध जास्त लागू पडतं, कुणाला कमी. तो माणसामाणसांतला फरक जोडी लावल्यावर गळून जातो. 'आधी-नंतर'चे आकडे हातात असून दोन गटांची कसोटी करणारे लोक मी डोळ्यांनी पाहिलेत. पैसे देऊन मिळवलेली माहिती कचऱ्यात.

शंकेखोर

गणितवेडी, हे नवीन कळलं. वाचनखूण साठवली.

अंकुर

मी सरासरीवाला नाही, टक्केवारीवाला. इथेच विचारू का? बियाण्याची उगवण ९० टक्के असल्याचा दावा आहे. २०० बिया पेरल्या, १६८ उगवल्या. म्हणजे ८४ टक्के. मी झेड काढला तर −२.३१ आला, मित्राने काढला तर −२.८३. दोघांनीही √(पीक्यू÷एन) हेच सूत्र वापरलंय (इथे पी म्हणजे उगवणीचं प्रमाण, क्यू म्हणजे उरलेलं, एन म्हणजे बिया).

जुना खडू

सूत्र एकच, पण तुम्ही पीक्यूत ०.८४ आणि ०.१६ घातलेत, मित्राने ०.९ आणि ०.१. कसोटीसाठी मित्र बरोबर.

पी-व्हॅल्यू कशाचं उत्तर देते ते वर लिहिलंय: शून्य परिकल्पना खरी धरली तर काय घडेल. मग खरी धरायचीच तर पूर्ण धरा. उगवण खरोखर ९० टक्के असेल तर २०० बियांच्या नमुन्यातलं प्रमाण किती हेलकावे खाईल? √(०.९ × ०.१ ÷ २००) = ०.०२१२. फरक ०.०६, भागिले ०.०२१२, म्हणजे २.८३. दोन बाजूंचा पी साधारण ०.००५. सरासरीच्या कसोटीत ही भानगड येत नाही, कारण तिथे ५०० म्हटल्याने विचलन किती ते ठरत नाही, ते वेगळं मोजावं लागतं. टक्केवारीत मात्र प्रमाण सांगितलं की विचलन त्याच्या मागोमाग येतं.

अंतराल काढताना गोष्ट उलटी, तिथे कुठलीच परिकल्पना धरलेली नसते, म्हणून तुमचा ०.८४ चालतो. चालतो म्हणजे आपला चालवून घेतात. प्रमाण ० किंवा १ च्या जवळ असेल किंवा नमुना लहान असेल तर ते पाठ्यपुस्तकी अंतराल फसवं निघतं. एडविन विल्सनने १९२७ मध्ये दिलेला अंतराल वापरा, संगणकावर एका ओळीत येतो.

अंकुर

आणि २०० ऐवजी २० बिया असत्या तर?

गणितवेडी

तर झेड विसरा. दावा ९० टक्क्यांचा असेल तर २० पैकी न उगवणाऱ्या बिया अपेक्षित फक्त दोन. दोन्ही बाजूंच्या अपेक्षित संख्या किमान दहाएक असाव्यात असा संकेत आहे, काही जण पाचावर भागवतात. त्याखाली सरळ द्विपद वितरणाने (उगवली-नाही उगवली अशा मोजणीच्या नेमक्या शक्यतांनी) पी काढावा. नमुना लहान असला की मोजणीही सोपी असते, अंदाजाचं सूत्र हवं कशाला?

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरचं चहाचं उदाहरण असंच. एक बाई म्हणाल्या, कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे मी चवीवरून सांगते. आठ कप, चार असे आणि चार तसे. आठातून चार निवडायचे प्रकार ७०. सगळे बरोबर ओळखले तर नुसत्या नशिबाने ते जमण्याची शक्यता ७० पैकी १, म्हणजे ०.०१४. पण एकच जोडी चुकली तर? चारपैकी तीन किंवा चार बरोबर येण्याचे प्रकार १७, म्हणजे ०.२४! एका चुकीने पुरावा जवळजवळ नाहीसा झाला. आठ कपांच्या प्रयोगात तेवढीच ताकद असते, आणि ते कप मांडायच्या आधीच कळतं.

आणि अंकुर, एक अगदी सोपं: २० पैकी एकही वाईट निघाली नाही म्हणून 'शून्य टक्के' म्हणू नका. ३ भागिले नमुना हा ९५ टक्क्यांचा वरचा अंदाज. ३ ÷ २० म्हणजे १५ टक्क्यांपर्यंत वाईट असू शकतात. (२० ला हे सूत्र किंचित जास्त सांगतं, पण तोंडी हिशेबाला झकास.)

लोलक

वा, धागा रंगलाय. माझंही एक घोंगडं भिजत पडलंय. नूतनीकरणाच्या आठवणीचे ईमेल दोन प्रकारे लिहून पाहतोय. जुना मजकूर १००० जणांना, १०० उत्तरं. नवा मजकूर १००० जणांना, १२५ उत्तरं. एकत्रित प्रमाण ०.११२५, त्यावरून स्टँडर्ड एरर ०.०१४१, झेड १.७७, पी ०.०७७. अगदी काठावर. (धागाकर्त्याचं नाव आवडलं.) रोज दोनशे-दोनशे पाठवतोय आणि रोज पी बघतोय. ०.०५ च्या खाली गेला की थांबणार. बरोबर ना?

जुना खडू

नाही! हे तर वन-टेल्डच्या बटणापेक्षा वाईट.

दोन्ही मजकूर अगदी सारखे असले तरी पी रोज वरखाली होत राहतो. रोज बघायचं आणि खाली गेला की थांबायचं, म्हणजे नाणं हवं तसं पडेपर्यंत उडवत राहायचं. सारख्या अंतराने पाच वेळा डोकावलात तर चुकीचा आळ घेण्याचा दर ५ नव्हे, १४ टक्के होतो. दहा वेळा डोकावलात तर १९. वीस वेळा, २५ च्या जवळ. आणि कायम डोकावत राहिलात तर एक ना एक दिवस पी खाली जाणारच, फरक असो वा नसो.

मध्ये डोकावायचंच असेल तर त्याच्याही रीती आहेत, औषधांच्या चाचण्यांत वापरतात: किती वेळा बघणार ते आधी जाहीर करायचं आणि प्रत्येक वेळी मर्यादा जास्त कडक ठेवायची. पण आधी.

बहुधा

खडूसरांना जोडून. लोलक, तुमचं खरं दुखणं नमुन्याच्या आकाराचं आहे. समजा नवा मजकूर खरोखर १० वरून १२.५ टक्क्यांवर नेतो. हजार-हजारच्या गटांत तो फरक ५ टक्के मर्यादेवर पकडला जाण्याची शक्यता, म्हणजे चाचणीची ताकद, साधारण ४२ टक्के. नाणं उडवण्यापेक्षा कमी! ८० टक्के वेळा पकडायचा तर प्रत्येक गटात सुमारे २५०० लागतात. हा हिशेब पहिला ईमेल जायच्या आधी पाच मिनिटांत झाला असता.

लोलक

पाच मिनिटं वाचवून आठवडा घालवला म्हणायचा.

शंकेखोर

मला कुणी हे सांगा, ०.०५ आलं कुठून? आकाशातून पडलं का? ०.०४९ ला पेढे आणि ०.०५१ ला सुतक.

जुना खडू

फिशरच्या १९२५ च्या पुस्तकाने ते रुजवलं. सामान्य वितरणात मध्यापासून १.९६ विचलनांबाहेर, म्हणजे ढोबळ दोनाबाहेर, वीसात एकदा जायला होतं. हिशेबाला सोयीचं, म्हणून घेतलं. निसर्गनियम वगैरे काही नाही. कणभौतिकीत पाच विचलनं मागतात. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन जाहीर झाला तो त्या निकषावर, एका बाजूने मोजलं तर साधारण ३५ लाखांत एक. तिथे एकाच आलेखात शेकडो ठिकाणी उंचवटे शोधतात, तेव्हा वीसात एकाने भागत नाही. तुम्हीही वीस वेगवेगळ्या निरुपद्रवी गोष्टी ५ टक्के मर्यादेने तपासल्यात तर निदान एक तरी 'सार्थ' (पी ०.०५ खाली) निघण्याची शक्यता ६४ टक्के आहे.

दुसरा घोटाळा इतिहासाचा. फिशरला पी हा पुराव्याचा पारा वाटायचा: जितका खाली तितका शून्य परिकल्पनेविरुद्ध जोर जास्त, निर्णय माणसाने आपल्या अकलेने घ्यावा. जर्झी नेमन आणि एगॉन पिअरसन यांनी १९३३ मध्ये वेगळाच डाव मांडला: दोन परिकल्पना समोरासमोर, दोन प्रकारच्या चुका, त्यांचे दर आधी ठरवा आणि मग निकाल येईल तो पाळा. त्यांच्या पद्धतीत ०.०४९ आणि ०.००१ मध्ये फरकच नाही, दोन्हीत नाकारायचं. फिशर आणि नेमन यांचं पुढे कधी पटलं नाही. आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी दोघांना एकाच ताटात वाढलं: पीचा आकडा फिशरचा, रेघ नेमन-पिअरसनची. विद्यार्थ्याला वाटतं ही एकच पद्धत. तुम्हाला पेढे-सुतक विचित्र वाटतं त्याचं मूळ इथे आहे.

शंकेखोर

पण सर, पी ०.०४ आला तर निष्कर्ष बरोबर असण्याची शक्यता ९६ टक्के, एवढं तरी धरायला हरकत नाही ना?

जुना खडू

(खडू मोडला.)

बहुधा

मी प्रयत्न करतो. समजा १००० कल्पना तपासल्या, त्यांतल्या १०० मध्येच खरोखर काही तथ्य होतं. ८० टक्के ताकदीच्या चाचणीने त्यांतल्या ८० सापडल्या. उरलेल्या ९०० फुसक्या, त्यांतल्या ५ टक्के, म्हणजे ४५, नशिबाने ०.०५ खाली गेल्या. एकूण 'सार्थ' निकाल १२५, त्यांतले ४५ खोटे. ३६ टक्के! ५ टक्के कुठे राहिले? फुसक्या कल्पनांतल्या किती निसटतात हे अल्फा, म्हणजे ती ५ टक्क्यांची मर्यादा, सांगतो. निसटलेल्यांच्या घोळक्यात फुसक्या किती, हे तपासलेल्या कल्पनांत मुळात खऱ्या किती होत्या यावरही ठरतं. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये पीबद्दल खास निवेदन काढावं लागलं, त्यातही हे स्पष्ट म्हटलंय की परिकल्पना खरी असण्याची शक्यता पी मोजत नाही.

उलटा सापळाही आहे. काठावरचा यांनी एक लाख पिशव्या मोजल्या आणि सरासरी ४९९.९ आली, तर स्टँडर्ड एरर ०.०२८, झेड −३.५, पी ०.०००५. जबरदस्त 'सार्थ'. पण दशांश ग्रॅमसाठी मशीन कोण उघडणार? फरक आहे का आणि फरक महत्त्वाचा आहे का, हे दोन प्रश्न.

शंकेखोर

कळलं. म्हणजे निदान काय कळलं नव्हतं ते कळलं.

काठावरचा

सगळ्यांचे आभार. साहेबांना अंतराल दाखवला आणि सांगितलं की अजून निर्णय होत नाही. आश्चर्य म्हणजे ते चिडले नाहीत, 'मग किती पिशव्या लागतील' असं विचारलं. त्यांना किती फरक महत्त्वाचा वाटतो ते मी उलट विचारलं, ते म्हणाले ३ ग्रॅम. ८० टक्के ताकद, दोन बाजू, ५ टक्के: (१.९६ + ०.८४)² × ९² ÷ ३² = ७०.६, टीसाठी दोनेक जास्त. ७५ ठरवल्या. दोन बाजू आणि ७५, दोन्ही लिहून सही घेतलीय.

निमूट

पहिल्या २५ कशा निवडल्या होत्या? (दुसऱ्यांदा विचारतोय.)

काठावरचा

अरे हो, निमूट, माफ करा, तुमचा प्रश्न राहिलाच. सलग २५. सकाळी मशीन सुरू झाल्यावर पहिल्या.

निमूट

मग ९ ÷ √२५ चालत नाही. ते सूत्र स्वतंत्र निरीक्षणांसाठी आहे. सलग पिशव्या एकमेकींसारख्या असतात: नळीत गुठळी अडकली की पुढच्या चार-पाच पिशव्या एकदम हलक्या. शेजारच्या दोन वजनांतला सहसंबंध ०.५ असेल आणि पुढे तो तसाच निम्म्यानिम्म्याने विरत जात असेल, तर २५ पिशव्यांची किंमत २५ × ०.५ ÷ १.५, म्हणजे आठेक स्वतंत्र पिशव्यांइतकी. स्टँडर्ड एरर १.८ नव्हे, ३.१. टी साधारण −१. वर वन-टेल्ड की टू-टेल्ड यावर झालेला सगळा वाद त्या १.८ वर उभा आहे.

दुसरं, त्या पिशव्या फार तर 'मशीन सुरू झाल्यावर'च्या समष्टीबद्दल बोलतील, दिवसभराच्या नव्हे. ७५ तरी दिवसभरात विखुरून घ्या, वेळा यादृच्छिक आकड्यांवरून काढा.

जुना खडू

निमूट, दंडवत. पहिल्याच पानावर तुम्ही मुद्द्याला हात घातला होता आणि आम्ही शेपट्या मोजत बसलो.

काठावरचा

अपडेट. पाच दिवसांत यादृच्छिक वेळा काढून ७५ पिशव्या मोजल्या. सरासरी ४९८.६, प्रमाण विचलन ८.७, स्टँडर्ड एरर १.००, टी −१.३९, पी ०.१७. अंतराल ४९६.६ ते ५००.६. नाकारता येत नाही. ३ ग्रॅमची भीती बरीच कमी झाली, अगदी गेली म्हणणार नाही: ४९७ अजून अंतरालाच्या कडेला आहे.

पण एक गंमत दिसली. ७५ पैकी ९ पिशव्या मशीन सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातल्या निघाल्या आणि त्या जवळजवळ सगळ्या हलक्या आहेत. तेवढ्या ९ वेगळ्या काढून टी-कसोटी केली तर...

जुना खडू

बटणापासून हात लांब.

बहुधा

परिकल्पना छान आहे, पण ती याच ७५ मधून सुचली, तेव्हा याच ७५ वर तपासता येणार नाही. नवा नमुना.

गणितवेडी

आणि जोडी लावा! रोज सुरुवातीच्या अर्ध्या तासातल्या तीन पिशव्यांची सरासरी, त्याच दिवशी दुपारच्या तिनांची सरासरी, दोन्हीतला फरक. दिवसादिवसांतला फरक आपोआप गळेल.

काठावरचा

हात काढला. रोज ३ आणि ३, वीस दिवस, जोडीची कसोटी. आणि खडूसर, या वेळी बाजू एकच: 'सुरुवातीला कमी'. आकडे अजून एकही नाही, कागदावर तारीख टाकून ठेवलीय.